भाच्याने 'टॅग भरला' म्हणजे नक्की काय केलं? : वाचकांचे प्रश्न, अस्वल विशेष

गेल्या महिन्यात या पानावर मी सहज एक ओळ लिहून गेलो, की अमेरिकेत मिनेसोटा राज्यात नोकरीला असताना एकदा ऑफिसातल्या सहकाऱ्याबरोबर काळ्या अस्वलाच्या शिकारीला गेलो होतो. गेलो होतो म्हणजे काय, बंदूक त्याची, लायसन्स त्याचं, मी आपला शेजारी बसून डास मारले. पण त्या एका ओळीवर जेवढी पत्रं आली तेवढी सोसायटीच्या पार्किंगवर पण कधी आली नव्हती! त्यामुळे या वेळी एनओसी, नॉमिनी वगैरे सगळं बाजूला, फक्त अस्वल.

माझ्या बहिणीचा मुलगा मिनेसोटात असतो. सप्टेंबरमध्ये त्याने फॅमिली ग्रुपवर मेलेल्या काळ्या अस्वलाबरोबर फोटो टाकला आणि खाली लिहिलं 'फायनली, टॅग भरला'. घरात दोन तट पडलेत. मिस्टर म्हणतात हा आत जाणार, आणि सासूबाईंनी पितृपक्षात हे काय दाखवतो म्हणून ग्रुपच सोडला. हे तिकडे कायदेशीर असतं का? आणि टॅग भरणं म्हणजे काय?
– एक वाचक, कोपरी, ठाणे पूर्व

ताई, मिस्टरांना सांगा, कागद नीट असतील तर आत वगैरे काही जात नाही. आणि कागद नीट असणारच, कारण तिकडे या प्रकरणात अस्वलापेक्षा कागद जास्त असतात.

टॅग म्हणजे एक जनावर मारायची परवानगी. लायसन्स घेतलं की त्याबरोबर येतो, एका अस्वलाला एक टॅग, आणि अस्वल पडलं की ते जागेवरून हलवायच्या आधी टॅगवर तारीख-वेळ नोंदवून तो त्याला लावायचा. एकदा लावला की संपला, तुमचा त्या वर्षीचा कोटा झाला, याला ते टॅग भरणं म्हणतात. रिकामा टॅग घेऊन घरी आलात तर वर्षभर मित्र टोमणे मारतात, म्हणून तुमच्या भाच्याचं ते 'फायनली'. टॅग न लावता अस्वल गाडीत घातलं तर तो शिकारी नाही, चोर. बंदूक तीच, गोळी तीच, जंगल तेच, फरक एका कागदाचा.

आता लायसन्स कसं मिळतं ते ऐका, तुम्हाला ओळखीचं वाटेल. मिनेसोटात अस्वलांच्या भागाचे पट्टे पाडलेत आणि बहुतेक पट्ट्यांत दरवर्षी किती लायसन्स द्यायची ते सरकार ठरवतं, त्यासाठी आधी अर्ज करायचा आणि मग सोडत, अगदी आपल्या म्हाडासारखी. नंबर लागला नाही तर पुढच्या वर्षी तुम्हाला प्राधान्य. शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये तर काही पट्ट्यांत लोक कित्येक वर्षं प्राधान्याचे पॉइंट साठवत बसतात, मुलगा शाळेत असताना अर्ज केला आणि तो कॉलेजला गेला तेव्हा बापाला टॅग मिळाला असं पण होतं.

शिवाय सीझन ठरलेला, मिनेसोटात १ सप्टेंबरपासून साधारण ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. वेळ ठरलेली, सूर्योदयाच्या आधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास, त्याबाहेर गोळी झाडली तर गुन्हा. मारल्यावर ४८ तासांत नोंदणी करायची आणि अस्वलाचा एक दात सरकारला द्यायचा. हो, दात! सुळ्याच्या मागे एक छोटा दात असतो, तो काढून सरकारी पाकिटात घालून पाठवायचा. मग प्रयोगशाळेत त्याचा पातळ काप काढतात, रंग लावतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली वर्तुळं मोजतात, झाडाच्या खोडासारखी, एका वर्षाला एक. मादी असेल तर त्यातून आणखी एक गोष्ट कळते, ज्या वर्षी तिने पिल्लं वाढवली त्या वर्षीचं वर्तुळ बारीक पडतं. म्हणजे बाईने कुठल्या वर्षी किती खस्ता खाल्ल्या त्याची नोंद दातात! हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी आईला फोन करून सांगितलं होतं, ती म्हणाली माझे दात बघितलेस तर दोनच बारीक वर्तुळं सापडतील, तू आणि तुझा भाऊ.

सासूबाईंना मात्र माझ्याकडे उत्तर नाही. त्यांना ग्रुपवर परत घ्या आणि फोटो डिलीट करा.

टीव्हीवर शिकारीचा एक कार्यक्रम डब करून दाखवत होते. बंदूकवाला 'बोअर, बोअर' करत होता आणि आपला निवेदक म्हणत होता 'हा बघा रानडुक्कर', आणि समोर तर अस्वल! चूक कोणाची?
– एक आजोबा, ऐरोली

आजोबा, चूक डबिंगवाल्याची, पण बिचाऱ्याला किती दोष देणार. इंग्रजीत नर अस्वलाला बोअर आणि मादीला सो म्हणतात, डुकरांचेच शब्द आहेत ते. पिल्लू म्हणजे कब आणि वर्षाचं झालं की इयरलिंग.

आणि हे शब्द नुसते गंमतीचे नाहीत, बरेचसे नियम त्यांच्यावरच टेकलेत. बहुतेक ठिकाणी पिल्लू मारायला बंदी आणि पिल्लं बरोबर असलेली मादी मारायला बंदी. पण अस्वल समोर आल्यावर त्याच्या गळ्यात पाटी नसते. मग शिकारी कान बघतात. डोकं लहान आणि कान मोठाले दिसतायत तर अस्वल लहान वयाचं, कान बारके आणि बाजूला गेल्यासारखे दिसतायत तर डोकं भरलंय म्हणजे अस्वल मोठं. आणि मादी वाटली तर थांबायचं, कारण पिल्लं आईच्या मागेपुढे, कधीकधी झाडावर चढून बसलेली असतात.

वर आणखी घोळ रंगाचा. काळं अस्वल हे जातीचं नाव आहे, रंगाचं नाही. पश्चिमेकडे दालचिनीच्या रंगाची, तपकिरी, अगदी सोनेरी पण काळी अस्वलं असतात, आणि कॅनडात ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर तर काही काळी अस्वलं चक्क पांढरी जन्मतात, केरमोड म्हणतात त्यांना, त्यांची शिकार पूर्ण बंद आहे. मग तपकिरी काळं अस्वल आणि ग्रिझली, म्हणजे तिकडचं दुसऱ्या जातीचं अस्वल, यांत लोक गोंधळतात, आणि ग्रिझली मारलं की मोठी केस. म्हणून मोंटानामध्ये काळ्या अस्वलाचं लायसन्स हवं असेल तर आधी अस्वल ओळखायची परीक्षा पास व्हावी लागते. ग्रिझलीच्या खांद्यावर वशिंड असतं, चेहरा मधे खोलगट असतो, नखं लांब असतात. रंगावर जाऊ नका असं त्या परीक्षेत पहिलं शिकवतात.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोली, मेळघाट, बुलढाण्याकडचं अस्वल हे या सगळ्यांपेक्षा वेगळं. लांब केस, छातीवर पांढरट इंग्रजी व्ही, वारुळ फोडायला लांब नखं आणि मोहाची फुलं म्हणजे जीव की प्राण. दरवेशी दारावर आणायचा ते हेच, तुम्ही पाहिलेलं असणार.

खाऊ ठेवून अस्वलाला बोलवायचं आणि खाताना गोळी घालायची याला शिकार म्हणतात? हे तर लग्नाला बोलावून लुटण्यासारखं झालं. आणि हे तिकडे चालतं कसं?
– एक वाचक, घणसोली

दादा, हा प्रश्न तुम्ही विचारलात तसाच तिकडचे लोक पण एकमेकांना विचारतात, आणि त्यावर निवडणुका झाल्यात, थट्टा नाही.

आधी शब्द बघू. खाऊ ठेवणं म्हणजे बेटिंग, आमिष. कुत्रे सोडून अस्वलाचा पाठलाग करणं म्हणजे हाउंडिंग, त्यात वास पहिल्यांदा पकडणारा कुत्रा वेगळा असतो, तो भुंकला की बाकीचे सुटतात, आणि अस्वल झाडावर चढलं की म्हणायचं अस्वल 'ट्री' झालं. पायी फिरत दुर्बिणीने अस्वल शोधायचं आणि वारा बघून हळूहळू जवळ जायचं ते स्पॉट अँड स्टॉक. आणि माणसांची रांग करून जंगल हलवायचं ते ड्राइव्ह, म्हणजे आपला हाका! जुन्या लोकांना हाका, मचाण, माग काढणं, ठासणीची बंदूक हे सगळं माहीत आहे, तिकडे आजही ठासणीच्या बंदुकीचा वेगळा सीझन असतो काही राज्यांत.

आता मजा अशी की एका राज्यात जी पद्धत घरगुती ती शेजारच्या राज्यात गुन्हा. मिनेसोटात आमिष चालतं, कुत्रे चालत नाहीत. विस्कॉन्सिनमध्ये, म्हणजे नदी ओलांडली की, दोन्ही चालतं. पेनसिल्व्हेनियात आमिष अजिबात नाही पण हाका चालतो, फक्त एका टोळीत २५ च्या वर माणसं नकोत, आणि सगळ्यांच्या अंगावर भडक नारिंगी कपडे पाहिजेत, गोविंदा पथकासारखे सगळे एका रंगात. कोलोरॅडोत १९९२ मध्ये लोकांनी मतदान करून आमिष, कुत्रे आणि वसंतातली शिकार तिन्ही बंद केलं, वसंतात का तर तेव्हा पिल्लं अगदी तान्ही असतात. ओरेगॉनने १९९४ मध्ये आणि वॉशिंग्टन राज्याने १९९६ मध्ये आमिष आणि कुत्रे मतदानानेच बंद केले. आणि मेन राज्यात हाच प्रश्न २००४ आणि परत २०१४ मध्ये मतदानाला टाकला तर लोकांनी दोन्ही वेळा सांगितलं, राहू दे चालू. म्हणजे 'तिकडे चालतं' असं काही नसतं, कुठल्या राज्यात ते विचारायचं.

मी जिथे गेलो होतो तिथलं सांगतो. सहकाऱ्याने शिकारीच्या दोन आठवडे आधीपासून एका ठिकाणी खाऊ ठेवायला सुरुवात केली होती, ती जागा पण सरकारकडे नोंदवायची आणि तिथे स्वतःची पाटी लावायची, म्हणजे कोणाचं आमिष ते कळतं. शिळे डोनट, काकवीसारखा पाक, आणि वरून बडीशेपेच्या वासाचं तेल शिंपडलेलं, जेवणानंतरच्या मुखवासाच्या डबीचा वास जंगलात येत होता, मला तर घरची आठवण आली. खाऊवर जाडजूड ओंडके रचलेले, कशासाठी तर ते बाजूला करायची ताकद अस्वलातच, खारी-रकून नुसते हुंगून जातात. आणि ओंडके कसे पडलेत त्यावरून रात्री कोण येऊन गेलं ते कळतं.

संध्याकाळी चारला झाडावरच्या स्टँडवर बसलो. बोलायचं नाही, खोकायचं नाही, डास चावला तर चावू द्यायचा. साडेसहाला समोरची एक सावली थोडी जाड झाली. आवाज काही नाही, एवढं मोठं जनावर आणि काटकी मोडल्याचा आवाज नाही. ती मादी होती. येऊन थांबली, नाक वर केलं, आणि मग मागून दोन पिल्लं आली, एकाने सरळ ओंडक्यावर चढून लोळण घेतली. सहकाऱ्याने बंदूक मांडीवरून उचललीच नाही. वीस मिनिटं त्या तिघांनी डोनट खाल्ले, आम्ही बघितले, अंधार पडला, वेळ संपली, घरी येऊन आम्ही मॅगी खाल्ली.

आमिषाच्या बाजूचे लोक नेमकं हेच सांगतात, की जवळून आणि निवांत बघायला मिळतं म्हणून मादी आहे का, पिल्लं आहेत का ते कळतं, दाट जंगलात चालत्या अस्वलावर घाईत गोळी घातली तर हे कसं कळणार. विरोधक म्हणतात की माणसाच्या खाण्याची चटक लावता आणि मग तीच अस्वलं घरामागच्या कचऱ्यावर आली की ओरडता, आणि मुळात पळायची संधी दिली नाही तर ती शिकार कसली. या संधी देण्याला त्यांच्याकडे शब्द आहे, फेअर चेस, बून अँड क्रॉकेट क्लब नावाचा १८८७ सालचा जुना क्लब तो पाळतो. मला विचाराल तर तुमची लग्नाची उपमा मला पटते, पण त्या संध्याकाळी डोनट नसते तर ती पिल्लं दिसली नसती हे पण खरं आहे, त्यामुळे मी कुंपणावरच बसलोय. कुत्र्यांचं मात्र मला अजिबात आवडत नाही.

एक राहिलं. ज्या वर्षी जंगलात हेझलनट, ओकची फळं, बेरी भरपूर येतात त्या वर्षी अस्वल आमिषाकडे ढुंकून बघत नाही आणि टॅग रिकामे राहतात. घरी आमरस असताना कोण वडापावच्या गाडीवर जातंय.

टेडी बेअरचा आणि शिकारीचा संबंध आहे असं मुलगी शाळेतून ऐकून आली. खरं का?
– एक आई, वाशी

खरं. १९०२ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपीत शिकारीला गेले, अस्वल मिळेना, म्हणून बरोबरच्या लोकांनी एक काळं अस्वल पकडून झाडाला बांधून ठेवलं आणि म्हणाले घाला गोळी. ते म्हणाले बांधलेल्यावर मी घालणार नाही. वर्तमानपत्रात त्याचं व्यंगचित्र आलं, मग खेळणं आलं, टेडी हे त्यांचंच लाडाचं नाव. मुलीला पुढचं सांगू नका, ते अस्वल जखमी होतं आणि त्याला हालातून सोडवायला त्यांनी दुसऱ्याकडून मारायला लावलं. वर बून अँड क्रॉकेट म्हटलं ना, तो क्लब काढणारे पण हेच.

भाऊ कॅनडात आहे, म्हणतो अस्वलाचं मटण मस्त लागतं, फ्रीझरमध्ये ठेवलंय, तुम्ही आलात की मीडियम शिजवून देतो. खावं का?
– एक खवय्या, कळवा

खा, पण मीडियम नको, आपल्या पद्धतीने कुकरला शिट्ट्या काढा! अस्वलाच्या मांसात ट्रायकिनेला नावाचा बारीक जंत असू शकतो आणि थंड प्रदेशातल्या अस्वलांतला त्याचा एक प्रकार फ्रीझरमध्ये ठेवून मरत नाही, त्यामुळे फ्रीझरचा भरवसा धरू नका. २०२२ मध्ये अमेरिकेत एका कुटुंबाच्या गेट-टुगेदरला कॅनडातून आणलेल्या काळ्या अस्वलाचे कबाब केले, मांस गडद रंगाचं असल्यामुळे कच्चं राहिलेलं कळलं नाही, आणि सहा जण आजारी पडले, त्यातल्या दोघांनी तर फक्त त्याच्याबरोबर शिजलेल्या भाज्या खाल्ल्या होत्या. आतपर्यंत ७४ सेल्सिअस पाहिजे. रंगावरून ठरवू नका, थर्मामीटर खुपसा.

वन्यजीवांची एवढी दैना चाललेली असताना तुम्ही शिकारीच्या नियमांची कौतुकं काय छापता? नियम पाळून मारलं म्हणजे मारलं नाही का?
– एक संतप्त वाचक, पाचपाखाडी

मारलंच. त्यावर तिकडच्या भाषेचा मला पण राग येतो, ते 'मारलं' म्हणतच नाहीत, 'हार्वेस्ट केलं' म्हणतात. सरकारी आकड्यांत पण हार्वेस्ट. मुरबाडला आमचे मामा भाताची कापणी करतात आणि हे अस्वलाची करतात! मी एकदा सहकाऱ्याला म्हटलं की बाबा, पेरलंस कधी, तर तो हसला पण शब्द काही बदलला नाही.

पण कौतुक नाही हो, समजून घेणं आहे. उत्तर अमेरिकेत काळी अस्वलं आठ लाखांच्या आसपास आहेत, आणि आपली अस्वलं सगळी मिळून वीस हजारांच्या आत असावीत असा अंदाज आहे. तिकडे १९३७ पासून एक कायदा आहे, बंदुका आणि काडतुसांवर दहा-अकरा टक्के कर लागतो आणि तो पैसा वन्यजीवांच्या कामाला राज्यांना जातो, त्यामुळे शिकारी छाती पुढे काढून म्हणतात की जंगल आमच्या पैशावर चालतं. पूर्ण खरं नाही, पण खोटंही नाही.

आणि नियम असले की सगळं आलबेल असं तर मुळीच नाही. फ्लोरिडात २०१५ मध्ये वीस वर्षांनी अस्वलाची शिकार उघडली, कोटा ३२०, चालणार होती आठवडाभर. दोन दिवसांत ३०४ अस्वलं गेली आणि घाईघाईने बंद करावी लागली, एका भागात तर कोट्याच्या कितीतरी वर. सोडत नव्हती ना, मागेल त्याला लायसन्स वाटलं होतं, हजारोंनी. वर कोपरीच्या ताईंना मी जी म्हाडाची गोष्ट सांगितली ती सोडतच काढून टाकली तर काय होतं ते हे.

रागवा, पत्र लिहीत जा.

येऊरला आमचा फोटोग्राफरांचा ग्रुप जातो. एकाची आयडिया आहे की बिबट्यासाठी कोंबडी बांधून कॅमेरा लावायचा. मारत तर नाही कोणी, मग हरकत काय?
– एक वाचक, वर्तकनगर

हरकत अशी की कायद्याप्रमाणे ही शिकार आहे.

डोळे मोठे करू नका, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या वाचा, कलम २ मध्येच आहे. मारणं आणि विष घालणं तर आहेच, पण पकडणं, फास लावणं, सापळा लावणं, हाका करणं आणि आमिष लावणं हे पण शिकारच, आणि यातलं काही करायचा नुसता प्रयत्न पण शिकार. जनावराच्या अंगाचा एखादा भाग काढणं, पक्ष्याची अंडी किंवा घरटं मोडणं, ते पण. म्हणजे मिनेसोटात अस्वल पडल्याशिवाय टॅग भरत नाही, आणि आपल्याकडे कोंबडी बांधली तिथेच कलम लागू शकतं. बिबट्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षणाच्या यादीत आहे, अस्वल पण, हिमालयातलं काळं अस्वल पण. या अनुसूचीतल्या जनावराच्या शिकारीला तीन ते सात वर्षं कैद आणि कमीत कमी २५ हजार दंड, २०२२ च्या दुरुस्तीने दंड वाढलाय.

सूट आहे पण ती तुमच्यासाठी नाही. जनावर माणसाच्या जिवाला धोका झालं असेल किंवा बरं न होण्याइतकं जखमी-आजारी असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक लेखी आदेश काढू शकतात, आणि खरोखर जीव वाचवताना मारलं गेलं तर गुन्हा नाही, पण मेलेलं जनावर सरकारचं.

आणि कायदा सोडा, बिबट्याला माणसाच्या हातची कोंबडी कळली की तो पुढची कोंबडी कोणाच्या दारात शोधेल? येऊरच्या पाड्यावर माणसं राहतात, ग्रुपमधल्या त्या आयडियावाल्याला तिथे एक रात्र झोपायला पाठवा.

टुरिस्ट व्हिसावर जाऊन एकदा अस्वलाची शिकार करता येते का? पैशाचा प्रश्न नाही.
– एक बिल्डर, घोडबंदर रोड

शेठ, येते. व्हिजिटर व्हिसावरच्या माणसाला तिकडे एरवी बंदूक हातात घ्यायला केंद्राच्या कायद्याने बंदी आहे, पण गंमत म्हणजे शिकारीचं वैध लायसन्स असेल तर सूट मिळते. बाहेरच्यांसाठी लायसन्सची फी जास्त, बऱ्याच राज्यांत आधी सुरक्षेचा कोर्स, आणि अलास्कात परदेशी माणसाला गाईड घ्यावाच लागतो. सोडतीचं राज्य असेल तर रांगेत उभं राहावं लागेल, तिथे पैशाचा प्रश्न नाही हे वाक्य चालत नाही.

आमच्या गावच्या वाड्यात आजोबांनी मारलेल्या अस्वलाचं मुंडकं भिंतीवर आहे, १९६० च्या आधीचं. वाडा विकायचाय, मी ते नेरुळच्या फ्लॅटमध्ये आणायचं म्हणतोय. शिवाय अमेरिकेतला मेहुणा अस्वलाच्या नखाचं लॉकेट आणतोय. काही अडचण?
– एक वाचक, नेरुळ

दोन्हीत अडचण.

लॉकेटचं आधी, ते सोपं आहे, मेहुण्याला म्हणावं तिकडेच ठेव. अमेरिकन काळं अस्वल सायटिस कराराच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, ते स्वतः दुर्मिळ आहे म्हणून नाही, तर त्याचं पित्ताशय किंवा नखं बाजारात आली की ती आशियातल्या दुर्मिळ अस्वलाची की याची हे ओळखता येत नाही म्हणून. त्यामुळे देशाबाहेर न्यायला परवाना लागतो आणि आपल्याकडे आणताना कस्टम वेगळं. एअरपोर्टवर नख पकडलं तर ते मिनेसोटाचं की मेळघाटचं हे तुम्ही सिद्ध करत बसणार, तोपर्यंत लग्नकार्य संपून जाईल. जत्रेत मिळणाऱ्या 'अस्सल अस्वलाच्या नखा'चं पण तेच. खोटं असेल तर फसलात, खरं असेल तर आणखी फसलात.

मुंडक्याचं जरा सावकाश. शिकार तेव्हाची आहे, ती गुन्हा नव्हती. प्रश्न आज ते कोणाकडे आणि कुठल्या कागदावर आहे हा आहे. १९७२ चा कायदा आला तेव्हा अशा वस्तू जाहीर करून मालकीचा दाखला घ्यायचा होता, ज्यांनी घेतला नाही त्यांना २००३ मध्ये परत १८० दिवसांची मुदत दिली होती. तर आधी आजोबांच्या ट्रंका उघडा. पिवळा पडलेला, वनखात्याचा शिक्का असलेला, वाळवीने अर्धा खाल्लेला चालेल, पण तो दाखला शोधा. सापडला तर मुंडकं वारशाने तुमच्याकडे येऊ शकतं, फक्त विकता येत नाही आणि हलवण्याआधी वनखात्याला कळवायचं. ठेवायचं नसेल तर २०२२ च्या दुरुस्तीनंतर दाखल्यासकट सरकारजमा करायची सोय आहे, पैसे मिळत नाहीत.

दाखला सापडला नाही तर मुंडकं भिंतीवरून काढू नका, गाडीत घालू नका, आणि वाडा घेणाऱ्याला 'वस्तूंसकट' असं तर मुळीच लिहून देऊ नका. आधी वकिलाशी बोला आणि मग वनखात्याशी, १९२६ नंबरला हॅलो फॉरेस्ट लागतं. तुमच्या पत्राबरोबरच्या फोटोत डाव्या कानाचे केस गळून खालचा भुसा दिसतोय आणि कोणीतरी सुळ्याला हळदीकुंकू लावलंय. ते पुसायला पण आत्ता हात लावू नका.